लेसर करायचं की चष्माच बरा? आधी कॉर्नियाचा हिशेब मांडा

इंदूरच्या मराठी घरांत हा विषय बहुधा साखरपुडा झाला की निघतो. तारीख ठरली, आता चष्मा काढून टाकू! मग चौकशी सुरू होते ती नंबरापासून: मायनस पाच आहे, होईल का? नंबर हा निम्माच प्रश्न आहे. लेसरनं कोरून झाल्यावर कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक थर, किती जाड उरणार, हा उरलेला निम्मा, आणि नकार अनेकदा तिथूनच येतो.

नंबराचं आधी उरकू. वय १८ पूर्ण हवं आणि गेल्या वर्षभरात नंबर अर्ध्या डायॉप्टरपेक्षा (चष्म्याचा नंबर मोजायचं एकक) जास्त सरकलेला नको. जुनी चिठ्ठी हरवली असेल तर जुना चष्मा घेऊन जा. लेन्सोमीटरवर त्याचा नंबर दोन मिनिटांत निघतो. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना नंबर आणि डोळ्यांतला ओलावा दोन्ही बदलतात, तेव्हा त्या काळात हा विषयच नको.

तपासणीआधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवायच्या. मऊ असतील तर एक ते दोन आठवडे, कडक असतील तर तीन-चार. ही अट लोक सर्रास मोडतात आणि विचारलं की ‘हो, बंद आहेत’ म्हणून सांगतात. लेन्सच्या दाबानं कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदललेला असतो. मशीन तोच आकार मोजतं आणि पुढचं सगळं त्या चुकीच्या मापावर चालतं. तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंबही घालतात. त्यानंतर काही तास जवळचं धूसर दिसतं, उन्हात डोळे दिपतात. राजवाड्याच्या गर्दीतून स्वतः स्कूटर चालवत घरी यायचा बेत त्या दिवशी नको.

सगळ्यात मोलाची तपासणी म्हणजे टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा, पेंटाकॅमसारख्या मशीनवर होते ती. तिचा रिपोर्ट मागून घ्या. रंगीत नकाशात गडद लाल म्हणजे जास्त वक्र भाग, निळा म्हणजे सपाट. लाल पट्टा वर आणि खाली सारखाच असेल तर तो साधा सिलिंडर नंबर. लाल ठिपका फक्त खालच्या अर्ध्यात साचला असेल तर केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याची, शंका घ्यायची. अशा डोळ्यावर लेसिक (चष्मा घालवायची नेहमीची लेसर शस्त्रक्रिया) केलं तर कॉर्निया आणखी फुगत जातो आणि दिसणं चष्म्यानंही नीट सुधारत नाही. डोळे सारखे चोळायची सवय किंवा भावंडांत कुणाला हा आजार असेल तर ते न विचारता सांगा.

आता हिशेब. कॉर्निया सरासरी ५४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. लेसिकमध्ये वरचा पातळ पापुद्रा, फ्लॅप, साधारण ११० मायक्रॉनचा उचलतात. साडेसहा मिलिमीटरच्या भागात लेसर दर डायॉप्टरला सुमारे १४ मायक्रॉन कोरतं. समजा जाडी ५२० आणि नंबर मायनस ५. कोरायचे ७०, फ्लॅप ११०, खाली उरतात ३४०. ठीक आहे. आता जाडी ४९०, नंबर मायनस ८. कोरायचे ११२, फ्लॅप ११०, उरतात २६८. खाली किमान २५० उरावेत ही रेघ जुनी. आता बरेच सर्जन ३०० धरतात. शिवाय इथे फ्लॅप आणि कोरलेला भाग मिळून जाडीच्या ४५ टक्के झाला, आणि ४० च्या वर गेलं की धोका वाढतो. ‘२५० च्या वर आहे ना, मग झालं’ असं कुणी म्हणालं तर दुसरीकडे दाखवा.

कॉर्निया पातळ पण निरोगी असेल तर पीआरके हा मार्ग आहे. त्यात फ्लॅप नसतो, वरची पेशींची त्वचा काढून लेसर देतात. तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो, पट्टीसारखी लेन्स ठेवतात, दिसणं स्थिरावायला आठवडे जातात. स्माइल नावाच्या लेसर पद्धतीत फ्लॅपऐवजी दोन ते चार मिलिमीटरची छोटी चीर असते, पण प्लस नंबरासाठी ते नेहमीचं नाही. नंबर फारच मोठा असेल तर डोळ्याच्या आत बसवायची आयसीएल लेन्स. तिच्यात कॉर्निया कोरत नाहीत.

कोरडेपणाची तपासणी हलक्यात घेऊ नका. पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं ठेवतात. ती पाच मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर डोळा फारच कोरडा. लेसरमध्ये कॉर्नियाच्या बारीक नसा कापल्या जातात, म्हणून काही महिने कोरडेपणा बहुतेकांना वाढतो. दिवसभर एसीत बसून स्क्रीन आणि बाहेर वैशाखातली माळव्याची लू, म्हणजे आधीच तक्रार असणाऱ्याची सत्त्वपरीक्षा. आधी कोरडेपणावर उपचार, मग निर्णय. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, संधिवात असेल, साखर आटोक्यात नसेल किंवा डोळ्याला कधी नागीण झाली असेल तर तेही सांगा.

चाळिशी जवळ आलेल्यांनी एक प्रयोग करावा. मायनस दोनचा माणूस चष्मा काढून पेपर वाचतो. लेसरनंतर लांबचं स्वच्छ होईल, पण पेपरसाठी वाचायचा चष्मा लागेल. दोन दिवस लांबचा नंबर पूर्ण भरणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्स घालून जवळचं कसं दिसतं ते बघा. मुलगा किंवा मुलगी सैन्य, पोलीस अथवा रेल्वेच्या भरतीची तयारी करत असेल तर आधी त्या पदाचे वैद्यकीय निकष वाचा, कारण काही पदांना लेसर केलेला डोळा चालत नाही.

तारीख कॅलेंडर पाहून घ्या. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे मिरवणुकीत, गुलाल तोफेसारखा उडतो. तिच्याआधी महिनाभर शस्त्रक्रिया नको. लग्नाआधी किमान दोन-तीन महिने हवेत: डोळ्यांचा मेकअप काही आठवडे बंद, आणि होमाच्या धुरात कोरड्या डोळ्यांनी बसवत नाही. रात्री दिव्यांभोवती वलयं सुरुवातीला दिसतात, म्हणून एबी रोडवर रात्रीचं गाडी चालवणं पहिले काही आठवडे दुसऱ्याकडे द्या.

होकार मिळाला तरी डोळ्याच्या मागच्या पडद्याची (रेटिना) तपासणी बाहुली मोठी करून झाली का, ते विचारा. नंबर उतरला तरी मोठ्या मायनसच्या डोळ्यातला पातळ पडदा तसाच राहतो, म्हणून ती तपासणी पुढेही दरवर्षी लागते. आणि शस्त्रक्रियेआधीचा नंबर व टोपोग्राफी यांची प्रत कायमची जपून ठेवा: साठीत मोतीबिंदू निघेल तेव्हा लेन्सचा हिशेब त्यावरून बसवतात, आणि डोळ्याचा दाबही मशीनवर खऱ्यापेक्षा कमी दिसतो, हे त्या डॉक्टरांना सांगावं लागतं.