आरसी रेसिंग: आधी न आपटता चालवा, स्पीड नंतर

आरसी रेसिंगमधे, म्हणजे रिमोट कंट्रोलच्या छोट्या गाड्यांच्या शर्यतीत, नवीन आलेला माणूस पहिलं काय करतो तर मोटर बदलतो, आणि तिथेच गणित चुकतं. गाडी आधीच हाताचं ऐकत नसते, त्यात अजून जोर भरला तर ती कडेला जाऊन आपटणारच ना. हिशोब करून बघा, 5 मिनिटांची रेस, 15 सेकंदांचा लॅप, म्हणजे 20 लॅप. दर लॅपला जीव तोडून 0.2 सेकंद वाचवले तरी शेवटी हातात 4 सेकंद येतात, आणि गाडी एकदा उलटी पडली की मार्शल (ट्रॅकच्या कडेला उभा राहून पडलेल्या गाड्या उचलणारा) धावत येऊन ती सरळ करेपर्यंत तेवढे सहज जातात. म्हणून प्रॅक्टिसला टार्गेट एकच ठेवा, कुठेही न आपटता सलग 10 लॅप. नाही जमत? ट्रान्समीटरमधे (हातातल्या रिमोटमधे) थ्रॉटलचा ईपीए, म्हणजे जास्तीत जास्त किती जोर मिळेल ती मर्यादा, 70 टक्क्यांवर आणा, यात कमीपणा काहीच नाही. 10 जमले की मग लॅप टाइम बघा, पण बेस्ट लॅप नको, सगळ्यात फास्ट आणि सगळ्यात स्लो लॅपमधला फरक बघा, तो कमी होतोय म्हणजे हात बसतोय.

वळणाचं सांगतो, कारण खरा वेळ तिथेच जातो. ब्रेक गाडी सरळ असतानाच मारून संपवायचा, मग ट्रिगर (रिमोटवरचा थ्रॉटल-ब्रेकचा खटका) सोडून गाडी आत वळू द्यायची, आतल्या कडेला थोडं उशिरा चिकटायचं आणि स्टिअरिंग जसजसं सरळ होईल तसतसा थ्रॉटल हळूहळू दाबत जायचा. ट्रिगर एकदम खेचला की मागची चाकं सुटतात आणि गाडी गोल फिरते, विशेषतः टू व्हील ड्राइव्हवाली. आणि नजर गाडीवर खिळवून ठेवू नका, गाडीच्या मीटर-दोन मीटर पुढे ठेवा, गाडी कडेकडेने दिसत राहते.

गाडी आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, सगळ्यांचाच गोंधळ होतो. सोपी युक्ती म्हणजे येताना गाडी तुमच्या ज्या बाजूला भरकटतेय त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवा, ती आपोआप मधे येते. मोकळ्या जागेत दोन कोन (शंकू) ठेवून इंग्रजी आठचा आकडा मारत बसा, एक बॅटरी रोज, थोड्या दिवसांत विचार करावा लागत नाही.

ऑफरोडला जंप असतात तिथे हवेतसुद्धा ट्रिगर कामाला येतो, थ्रॉटल दिला की नाक वर, ब्रेक दाबला की नाक खाली, कारण चाकांचा वेग बदलला की बॉडी उलट दिशेला फिरते. हलकेच द्या, जास्त दिला तर गाडी पाठीवर पडेल.

रिमोटच्या सेटिंगमधे ड्युअल रेट, म्हणजे चाकं जास्तीत जास्त किती वळतील ते, ट्रॅकवरच्या सगळ्यात टाइट वळणापुरता ठेवा, त्याहून जास्त दिला तर गाडी सरळ रस्त्यावरही थरथरते. एक्स्पो नावाच्या सेटिंगने स्टिअरिंगचा मधला भाग सॉफ्ट होतो, म्हणजे थोडं फिरवलं तर गाडी कमी वळते, पण कुठल्या कंपनीत त्यासाठी मायनस असतं, कुठल्यात प्लस, तेवढं आधी तपासा.

आणि रेसनंतर मार्शलिंगची पाळी आली की कंटाळू नका प्लीज, आपल्या कोपऱ्यात नीट लक्ष ठेवता ठेवता फास्ट ड्रायव्हर ब्रेक कुठे मारतो, थ्रॉटल कुठे उघडतो ते कानाने ऐका, मोटरचा आवाज सगळं सांगतो, मी लाइन (गाडी वळणातून कुठून न्यायची तो मार्ग) तिथेच शिकलो.