कमी दिसत असताना आयटीत नोकरी: नवीन येणाऱ्यांसाठी

मला डाव्या डोळ्याने काहीच दिसत नाही, उजव्याने फक्त उजेड आणि आकार कळतात. तरी टेस्टिंगमध्ये सात वर्षं झाली, पुण्यातच. हल्ली ज्युनिअर मुलं फोन करून विचारतात, दादा इंटरव्ह्यूत सांगायचं का लपवायचं, म्हणून लिहायला बसलो.

सांगाच. मी पहिल्या दोन ठिकाणी लपवलं, ऑनलाइन टेस्टवर स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर) चाललाच नाही, वेळ संपली, नापास, आणि का ते त्यांना कळलंसुद्धा नाही. तिसऱ्या वेळी आधीच एचआरला मेल टाकला की मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो, टेस्ट त्यावर चालते का बघा आणि जादा वेळ द्या. दोन्ही मिळालं. मागायचं ते असं नेमकं मागा, नुसतं "जरा सांभाळून घ्या" म्हटलं तर समोरचा तरी काय करणार? एनव्हीडीए फुकट आहे, पण ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकायला आयटीवाल्यांची परवानगी लागते आणि त्यात आठवडे जातात, म्हणून जॉइन व्हायच्या आधीच विषय काढून ठेवा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, पण काढून ठेवा, सगळीकडे तेच मागतात.

आता कायद्याचं. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले आणि सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण 3 वरून 4 टक्के झालं, हे बहुतेकांना माहीत असतं. खाजगीत जाणाऱ्यांच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे: कंपनीत 20 किंवा जास्त माणसं असतील तर समान संधी धोरणात काय सोयी देणार आणि लायझन ऑफिसर (अपंगांची भरती आणि सोयी बघणारा अधिकारी) कोण हे लिहावंच लागतं. ऑफर लेटर आलं की ही पॉलिसी मागून घ्या आणि वाचा.

एवढं सगळं असूनही रोजचं अडतं ते बारीक गोष्टींवर. आमचं ऑफिस नव्या बिल्डिंगमध्ये गेलं, लिफ्टला बटणंच नाहीत, गुळगुळीत टच पॅनल. तीन महिने मी कुणी येईपर्यंत लिफ्टसमोर उभा राहायचो, खूप राग यायचा. शेवटी लेखी तक्रार केली तेव्हा ब्रेलचं कीपॅड बसलं. तोंडी चार वेळा सांगून झालं होतं, म्हणून म्हणतो, लेखी द्या.

आणि चॅटवरचे स्क्रीनशॉट! कुणी एररचा फोटो टाकला की माझ्या कानात फक्त "इमेज" एवढंच येतं. टीमला एकदा हेडफोन देऊन ऐकवलं, तेव्हापासून सगळे एरर कॉपी करून टाकतात. मागच्या महिन्यात आलेली मुलगीही तसंच टाकते, तिला मी काही सांगितलेलं नाही, बाकीचे टाकतात म्हणून ती टाकते.