ग्रहांच्या हवामानात पीएचडी करायचीय? आधी घरच्या भिंतीवर वायुदाब मोजा

दिवाळीला गावी गेले की दोन-तीन पोरं-पोरी हमखास घरी येतात. कुणी अंबाजोगाईत बीएस्सीला असतं, कुणी लातूरला. प्रश्न ठरलेला असतो, "ताई, तुम्ही मंगळाच्या हवेवर पीएचडी करताय म्हणे, त्याला काय करावं लागतं?" चहा होईस्तोवर जमेल तेवढं सांगते, पण ते गेल्यावर निम्मं राहूनच गेलं असं वाटतं. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

मी चौथ्या वर्षाला आहे. मंगळावर धूळ वाढली की तिथल्या वायुदाबाच्या रोजच्या चढउतारात काय बदलतं, हा माझा विषय. अण्णा सोयाबीन आणि तूर करतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा मी बारावीची परीक्षा देऊन घरी होते. आपल्याकडे पाऊस का रुसतो हे कुणीतरी धड समजावून सांगावं, एवढंच तेव्हा हवं होतं. मंगळ नंतर आला. २०१८ च्या जूनमध्ये तिथे सगळा ग्रह झाकून टाकणारं धुळीचं वादळ उठलं आणि चौदा वर्षं चाललेली नासाची ऑपॉर्च्युनिटी गाडी ऊन न मिळाल्यानं कायमची गप्प झाली. ती बातमी वाचताना मला आमच्या माळावरच्या वावटळी आठवल्या. उन्हाळ्यात नांगरून टाकलेल्या रानात दुपारी पाचोळा गोल गोल वर चढत जातो, तसंच मंगळावरही होतं आणि कारणही तेच: तापलेली जमीन, वर जाणारी हवा. २७ सप्टेंबर २०२१ ला पर्सिव्हिअरन्स गाडीवरून अशी एक वावटळ गेली. ती २५ मीटर रुंद आणि निदान ११८ मीटर उंच होती, आणि गाडीवरच्या मायक्रोफोननं तिचा आवाजही टिपला.

पदवीचं थोडक्यात सांगते. फिजिक्स किंवा गणित घ्या. उष्मागतिकी, द्रवगतिकी, प्रारण (रेडिएशन) आणि अवकल समीकरणं एवढं पक्कं असेल तर बाकीचं पुढे शिकता येतं. आमच्याकडे द्रवगतिकी "परीक्षेला येत नाही" म्हणून सोडून देतात. ती सोडू नका, ग्रहांची हवा म्हणजे मुळात तीच आहे.

आता खरं काम. एमएस्सीची वाट बघू नका, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षालाच घरी वायुदाब मोजायला घ्या. तापमान मोजायला गेलात तर पत्रा, भिंत, सावली सगळेच आकडा बिघडवतात. पावसाचं म्हणाल तर नोंदी वर्षानुवर्षं लागतात. वायुदाबाचं तसं नाही. बीएमपी २८० नावाचा नखाएवढा सेन्सर स्वस्तात मिळतो आणि दाबातला बारीकसा बदलही बरोबर पकडतो. सोबत एक अर्डुइनो (सेन्सरचे आकडे वाचणारा छोटा संगणकी बोर्ड), एसडी कार्ड, मोबाइलचा जुना चार्जर. मी हे सगळं श्रीखंडाच्या डब्याला भोकं पाडून त्यात बसवलं होतं. माय म्हणायची, "रातभर त्या डबीकडं काय बघायलीस गं?"

दर दहा मिनिटांनी एक नोंद, निदान पंधरा दिवस. आलेख काढला की त्यात जे दिसतं ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्चीतून उठले होते. दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या आसपास वर, दुपारी चारला खाली, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली. आमच्या गावाकडे दाब ९४० हेक्टोपास्कलच्या (हे दाबाचं एकक) आसपास असतो आणि हा चढउतार तीन-चार हेक्टोपास्कलचा. समुद्राला भरती-ओहोटी येते तशी ही हवेची भरती, फक्त ही चंद्रामुळे नाही, सूर्याच्या उष्णतेमुळे येते. वरचा ओझोन आणि खालची वाफ ऊन शोषतात, हवा तापते, आणि त्या तापण्याची लाट पृथ्वीभर सूर्यामागे फिरत राहते. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात ती ठळक दिसते. आपण त्याच पट्ट्यात राहतो, त्यामुळे युरोपातल्या विद्यार्थ्याला वादळांच्या गर्दीतून जी लाट महत्प्रयासानं शोधावी लागते, ती आपल्याला घरच्या भिंतीवर आयती मिळते.

एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. अर्डुइनोला स्वतःचं घड्याळ नसतं. आमच्याकडे लाइट गेली की डबा बंद पडायचा आणि लाइट आली की शून्यापासून मोजायला लागायचा. नऊ दिवसांच्या नोंदी हातात होत्या, पण कोणता आकडा किती वाजताचा ते सांगता येईना. सगळ्या टाकून द्याव्या लागल्या. बटणाच्या सेलवर चालणारा डीएस ३२३१ नावाचा घड्याळाचा तुकडा मिळतो, तो पहिल्या दिवशीच जोडा. आणि वही ठेवा: डबा कधी हलवला, लाइट कधी गेली, वादळ कधी आलं. माझ्या गाइडनी माझ्या आलेखाआधी ती वही मागितली होती.

नोंदी झाल्या की त्या ताडून बघायच्या. युरोपच्या कोपर्निकस सेवेकडून ईआरए ५ नावाची हवामानाची माहिती फुकट मिळते. १९४० पासूनची, जगातल्या कुठल्याही ठिकाणची, दर तासाची. तुमच्या गावाजवळचा बिंदू निवडा आणि तुमची रेघ तिच्यावर ठेवा. यासाठी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा लागेल. भारी लॅपटॉप मात्र लागत नाही, गुगल कोलॅब ब्राउझरमध्ये चालतं. मी सुरुवात कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या संगणकावर केली. नमपाय, मॅटप्लॉटलिब आणि एक्सअ‍ॅरे, पायथनमधल्या एवढ्या तीन गोष्टींत पहिलं वर्ष निघतं.

मग मंगळावर जा. क्युरिऑसिटी गाडी ऑगस्ट २०१२ पासून गेल विवरात आहे आणि तिच्यावरच्या रेम्स या हवामान केंद्रानं मोजलेला वायुदाब नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टीमवर सगळ्यांसाठी खुला आहे. तिथला दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, पण रोजचा चढउतार सुमारे दहा टक्क्यांचा! आपल्याकडे तो अर्धा टक्काही भरत नाही. हवा इतकी विरळ की उन्हानं तापायला वेळ लागत नाही, त्यात धूळ ऊन शोषून घेते, आणि विवराच्या उतारावरून वर-खाली वाहणारा वारा आणखी भर घालतो. तुमच्या गावाची रेघ आणि गेल विवराची रेघ एकाखाली एक काढा. माझ्या विषयाचा दरवाजा तो एकच आलेख होता.

इथेही घड्याळ फसवतं. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा असतो. मी पृथ्वीच्या तासांवर आलेख काढला तर लाट रोज चाळीस मिनिटांनी पुढे सरकताना दिसली. दोन रात्री मी त्याचं कारण शोधत होते. फाइलसोबत एक लेबल फाइल येते, तिच्यात कोणता रकाना कोणत्या वेळेचा हे लिहिलेलं असतं. ती आधी वाचा, आकडे नंतर उघडा. आपल्या मंगळयानाची माहितीही इस्रोच्या प्रदान पोर्टलवर आहे. त्यावरचं मेंका उपकरण वरच्या थरांतल्या विरळ हवेसाठी होतं, तिरुअनंतपुरमच्या अंतराळ भौतिकी प्रयोगशाळेनं बनवलेलं.

हे हातात असेल तेव्हाच प्राध्यापकांना मेल करा. एमएस्सीच्या पहिल्या वर्षी मी एकच मजकूर तीसेक जणांना पाठवला होता. "मला तुमच्या विषयात खूप रस आहे", खाली गुणपत्रिका. एकाचंही उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी तिघांनाच लिहिलं. पाच ओळी: फेब्रुवारीत गावी इतके दिवस दाब मोजला, दुपारचा खड्डा पहाटेपेक्षा खोल येतो, गेल विवराशी ताडून बघितलं, तुमच्या अमुक शोधनिबंधातल्या तमुक आकृतीशी माझं इथे जुळत नाही, माझं कुठे चुकतंय? सोबत आलेख. दोघांनी आठवड्याच्या आत उत्तर दिलं. "मला रस आहे" हे वाक्य कुणीही लिहू शकतं. चुकतंय कुठे, हे विचारायला मात्र आधी काम केलेलं असावं लागतं. इंग्रजी साधंच ठेवा. माझं आजही साधंच आहे.

परीक्षांचं म्हणाल तर एमएस्सीसाठी जॅम, ती फेब्रुवारीत असते. पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट, गेट किंवा जेस्ट. नेटला भौतिकशास्त्राचा पेपर देता येतो, आणि पृथ्वी, वातावरण, महासागर व ग्रहविज्ञान असा वेगळा पेपरही आहे. मी फिजिक्सचाच दिला, कारण तयारी त्याचीच होती. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपही आहेत, त्या त्या समाजघटकातल्या मुलांनी त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. एमएस्सी करतानाच देशातल्या तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करा. दोन महिने एखाद्या संशोधकाच्या हाताखाली काम केलं की हे आपल्याला झेपतंय का ते कळतं.

ग्रहांच्या वातावरणावर काम करणारे गट आपल्या देशात मोजकेच आहेत. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि तिरुअनंतपुरमची वर सांगितलेली प्रयोगशाळा ही दोन ठळक नावं. पृथ्वीच्या हवेसाठी पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे, पुणे विद्यापीठात वातावरण व अवकाशविज्ञान विभाग आहे, बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्था आहे. माझं स्पष्ट मत आहे की एक पाय पृथ्वीवर ठेवावा. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण दख्खनच्या वायुदाबावर आहे आणि ते मी मुद्दाम मागून घेतलं. मंगळाच्या जागा निघाल्या नाहीत तरी मान्सूनचं, हवामान प्रारूपांचं काम करता येतं. अण्णांना तोंड दाखवायलाही ते प्रकरण बरं पडतं. अर्थात ग्रहांकडेही चांगले दिवस येताहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं शुक्राच्या मोहिमेला मंजुरी दिली, उड्डाण मार्च २०२८ मध्ये ठरलं आहे. आज बीएस्सीला असलेल्या मुलांच्या पीएचडीच्या काळातच तिची माहिती येऊ लागेल.

पीएचडीच्या मुलाखतीत मला फळ्यावर शुक्राचं तापमान काढायला सांगितलं होतं. तुम्हीही काढून बघा. शुक्रावर दर चौरस मीटरला सुमारे २६०० वॅट ऊन पडतं, पृथ्वीच्या जवळपास दुप्पट. पण तिथले ढग त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त परतवून लावतात. उरलेल्याला चारनं भागा, कारण ऊन चकतीवर पडतं आणि उष्णता सगळ्या गोलावरून बाहेर जाते. किती तापमानाला किती उष्णता बाहेर पडते ते सांगणाऱ्या स्टीफन-बोल्ट्झमनच्या नियमात घाला. उत्तर येतं २३० केल्विन, म्हणजे शून्याखाली चाळीसहून जास्त अंश, पृथ्वीच्या २५५ केल्विनपेक्षाही थंड. आणि प्रत्यक्षात जमिनीवर ४६४ अंश सेल्सिअस. मधल्या पाचशे अंशांचा हिशोब द्या, म्हणाले. कार्बन डायऑक्साइडचं जाड पांघरूण, पृथ्वीच्या ९२ पट दाब, आणि खाली यावं तसं दर किलोमीटरला वाढत जाणारं तापमान, हे सगळं एकेक पायरीनं मांडावं लागलं. एका जागी मी अडले तेव्हा "माहीत नाही, पण असं काढता येईल" असं मी म्हणाले, आणि त्यांनी काढू दिलं.

पैशांचं एक सांगून ठेवते. फेलोशिपचा पहिला हप्ता माझ्या हातात पडायला पाच महिने लागले होते. घरून निघताना निदान तीन-चार महिन्यांच्या खर्चाची सोय करून निघा, आणि हे घरच्यांना आधीच सांगा.

डबा लावायला फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ चांगला. आभाळ निरभ्र असतं, दाबाची लाट स्वच्छ येते. पावसाळ्यात कमी दाबाचे पट्टे येऊन ती झाकोळते. पत्र्याखाली लावू नका. उत्तरेकडची, दिवसभर सावलीतली भिंत बघा, जमिनीपासून डोक्याएवढ्या उंचीवर खिळा ठोका, आणि घड्याळ रेडिओच्या किंवा मोबाइलच्या वेळेशी लावून पहिली नोंद वहीत हातानं लिहा.