सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार मूळची कुठली, हे कसं ओळखायचं

“नंबर टाकून बघा, अमेरिकनच निघेल.” जुनी गिटार विकणारा असं म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असेलच असं नाही. त्यानेही ती सिरियल नंबर इंटरनेटवर टाकूनच घेतलेली असते. पण फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर (म्हणजे स्ट्रॅट) जातीच्या गिटारची नेक, म्हणजे लांब दांडा, बॉडीला चिकटवलेली नसते, स्क्रूंनी आवळलेली असते. एकीची नेक दुसरीच्या बॉडीवर बसवायला दहा मिनिटं पुरतात, आणि नंबर जातो नेकबरोबर. बाकीची गिटार कुठल्याही गावची असू शकते. त्यामुळे नेक कुठली, बॉडी कुठली आणि पोटातली वायरिंग कुठली, असं तीनदा विचारावं लागतं.

इथे मुख्यतः फेंडर आणि स्क्वायर (फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड) यांबद्दल लिहितोय. माझ्या हातात येणारा जुना माल बहुतेक याच घराण्यातला असतो, नाहीतर त्याची नक्कल.

१. फोटो मागवा

हेडस्टॉक (नेकचं तारांच्या किल्ल्यांचं टोक) पुढून आणि मागून, नेकप्लेट (नेकच्या स्क्रूंखालची धातूची पट्टी), ब्रिज (तारा बॉडीवर जिथे टेकतात तो भाग), आणि नेक बॉडीत शिरते तो सांधा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा.

२. नंबर वाचा, पण अक्षरावर भाळू नका

१९७६ पासून फेंडरने अमेरिकन गिटारचा नंबर हेडस्टॉकवर आणला. पहिलं अक्षर एस म्हणजे सत्तरचं दशक, ई म्हणजे ऐंशीचं, एन म्हणजे नव्वदचं, झेड म्हणजे २००० नंतरचं. पुढचा आकडा वर्षाचा. मेक्सिकोतल्या एन्सेनाडाच्या कारखान्यातल्या मालाला याच अक्षराआधी एम लागतो, म्हणजे एमएन३ ही १९९३ ची मेक्सिकन. इंडोनेशियातल्या कॉर्टच्या कारखान्यातली स्क्वायर आयसीएसने सुरू होते आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे.

इतकं सरळ असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. तीच अक्षरं दुसऱ्या देशांतही वापरली गेली. ई अमेरिकेत आहे, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यात जपानमध्येही आहे. एस अमेरिकेत आहे, आणि कोरियात सॅमिकने बनवलेल्या स्क्वायरवरही आहे. शिवाय नंबरची स्टिकरं आधी छापून ठेवलेली असत, म्हणून ई४ लिहिलेल्या अमेरिकन गिटार १९८७ पर्यंत बाहेर पडत राहिल्या. इंटरनेटवर नंबर टाकला की मिळणारं उत्तर हे फक्त त्या अक्षर-आकड्यांचं उत्तर असतं. समोरची गिटार त्या वेबसाइटने पाहिलेली नसते.

माझी पहिली फसवणूक याच एसने झाली. नंबर एस९ ने सुरू होत होता, हेडस्टॉकवर फेंडरचं नाव होतं, आणि मी १९७९ ची अमेरिकन मिळाली म्हणून त्या रात्री झोपलो नाही. दोन साध्या गोष्टी मला माहीत असत्या तर पैसे वाचले असते. १९६५ च्या अखेरीपासून १९८१ पर्यंत स्ट्रॅटचं हेडस्टॉक मोठं, पसरट असायचं. माझ्या गिटारचं लहान होतं. आणि १९७१ ते १९८१ दरम्यान स्ट्रॅटची नेक तीन स्क्रूंवर असायची. माझी चारांवर होती. म्हणजे गिटारचा आकारच नंबरला खोटं पाडत होता. ती होती ऐंशीच्या दशकाच्या शेवटची कोरियन स्क्वायर, आणि नाव कुणीतरी घासून बदललेलं. (फेंडरच्याच टेलिकास्टर, म्हणजे टेली, या मॉडेलला तीन स्क्रूंचा नियम सरसकट लावू नका. साधी टेली त्या काळातही चार स्क्रूंचीच होती.)

नाव बदललंय का हे बघायला हेडस्टॉकवर मोबाइलचा टॉर्च आडवा धरा, वरून नको. घासलेल्या जागेची चमक वेगळी दिसते, जुन्या अक्षरांची किनार उठून येते.

“मेड इन जपान” चांगली आणि १९९७ च्या सुमारास आलेली “क्राफ्टेड इन जपान” हलकी, असं छातीठोकपणे सांगणारे खूप भेटतील. मात्सुमोतोच्या फुजिगेनकडून काम दुसऱ्या जपानी कारखान्यांकडे गेलं, तेव्हा ही अक्षरं बदलली. यावरून देश आणि काळ कळतो, दर्जा नाही.

आणि “मेड इन इंडिया” दिसलं की लगेच हसू नका. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फेंडरने स्वस्तातल्या काही गिटार भारतात बनवून घेतल्या होत्या. सन मस्टँग नावाच्या गिटार त्यांतल्याच. त्या काही फार गोड वाजत नाहीत, पण त्या नकली नाहीत.

३. पट्टी लावा

बॉडीची जाडी मोजा. नेहमीची स्ट्रॅट ४५ मिलिमीटरच्या आसपास भरते, स्वस्त स्क्वायर त्याहून पातळ. मग ब्रिज बॉडीला जिथे धरलेला असतो तिथल्या पहिल्या आणि शेवटच्या स्क्रूमधलं अंतर घ्या. तारांमधलं अंतर मोजू नका. नव्या अमेरिकन गिटारच्या तारा एकमेकींच्या जवळ असतात आणि तिथे हमखास चूक होते. स्क्रूंचं अंतर ५६ मिलिमीटर आलं तर बॉडी अमेरिकन असू शकते (काही जपानीही असतात). ५२.५ आलं तर अमेरिकन स्ट्रॅटच्या किमतीला ती घेऊ नका.

४. उघडा

विकणाऱ्यासमोर, त्याच्या परवानगीने, आणि पैसे देण्याआधी. यातच मी दोन वर्षं धडपडलो, म्हणून इथे जरा थांबतो.

तारा पूर्ण सैल केल्याशिवाय नेकच्या स्क्रूंना हात लावू नका. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत हे स्क्रू गंजून बसतात. जोर लावला की डोक्याची खाच झिजते आणि मग विकणारा गिटारऐवजी तुमच्याकडे बघत बसतो. सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक अर्धा मिनिट स्क्रूच्या डोक्यावर ठेवलं की तो सुटतो. उलट, जुन्या गिटारचे स्क्रू लोण्यासारखे फिरले आणि खाचेत ताजी चमक दिसली, तर नेक अलीकडेच निघाली होती असं धरून चला.

नेक बाहेर आली की तिच्या टाचेवर, म्हणजे बॉडीत शिरणाऱ्या टोकावर, तारखेचा शिक्का किंवा पेन्सिलचं लिखाण शोधा, आणि बॉडीतल्या खाचेत दुसरा. शिक्का नेक कधी तयार झाली ते सांगतो, गिटार कधी जोडली ते नाही. दोन्हींत काही महिन्यांचा फरक नेहमीचा आहे, चार वर्षांचा नाही. टाचेवर स्क्रूंची दुसरी, बुजवलेली भोकं दिसली तर ही नेक आधी कुठेतरी नांदून आलीय. खाचेत पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा पातळ तुकडा सापडला म्हणून घाबरू नका, नेकचा कोन साधायला तो कारखान्यातही घालतात.

आता पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरची प्लास्टिकची पट्टी, उचला. खालच्या कोरलेल्या पोकळीच्या कडेला रंग नीट बसलेला नसतो, तिथे लाकूड वाचता येतं. माझ्या एस९ च्या पोकळीत प्लायवूडचे थर होते, एकावर एक, बिस्किटासारखे. हे मी गिटार घेतल्यावर दीड वर्षाने पाहिलं, तेही स्विच बिघडला म्हणून.

मग पॉट, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचे गोल डबे. अमेरिकन पॉटच्या पाठीवर किंवा कडेवर एक आकडा ठोकलेला असतो. पहिले तीन अंक कंपनीचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढे वर्ष, आणि शेवटचे दोन अंक त्या वर्षातल्या आठवड्याचे. १३७७६३३ म्हणजे सीटीएस, १९७६, तेहतिसावा आठवडा. एकूण सहाच अंक असतील तर वर्षाला एकच अंक दिलेला असतो आणि दशक तुम्हाला इतर खुणांवरून ठरवावं लागतं. हे समजायला मला एक संध्याकाळ पुरली. घोळ पुढे झाला. त्याच डब्यावर पार्ट नंबरही असतो, आणि कित्येक महिने मी तोच तारीख म्हणून वाचत होतो. आठवडा ५३ पेक्षा मोठा आला की तुम्ही चुकीचा आकडा वाचताय, एवढं लक्षात ठेवा.

त्याहून मोठी चूक माझ्या विचारात होती. पॉटची तारीख म्हणजे गिटारची तारीख, असं मी धरून बसलो होतो. पॉट एवढंच सांगतो की ही वायरिंग त्या आठवड्याच्या आधी झालेली नाही. नंतर कितीही होऊ शकते. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा इतका साठा करून ठेवला की त्यानंतर कित्येक वर्षं निघालेल्या गिटारमध्येही १९६६ चेच पॉट सापडतात. म्हणून पॉट नेकपेक्षा जुना असला तर चालतं. नेकपेक्षा नवा असला तर एक तर पॉट बदललाय, नाहीतर नेक दुसरीकडून आलीय.

हे कळल्यावर मी शहाणा झालो असं मला वाटलं आणि दुसऱ्यांदा फसलो. एका गिटारमध्ये १३७ चे पॉट, तारीख १९८७ ची, नेकवर ई८. सगळं जुळलं, पैसे दिले. घरी आल्यावर पिकगार्डची भोकं पाहिली तर त्यांच्या कडा कानशीने वाढवलेल्या. आशियाई आणि स्वस्त गिटारमधल्या छोट्या पॉटची मान बारीक असते, साधारण ७-८ मिलिमीटर. सीटीएसला साडेनऊ लागते. म्हणजे छोटे पॉट काढून कुणीतरी मोठे घुसवले होते. ब्रिजच्या स्क्रूंचं अंतर ५२.५ निघालं. नेक खरी अमेरिकन होती, पॉटही खरे अमेरिकन होते, आणि त्यांच्यामध्ये असलेलं लाकूड अमेरिकन नव्हतं.

तेव्हापासून मी पॉटचा आकडा सगळ्यात शेवटी वाचतो. आधी सोल्डर बघतो. कारखान्यातलं जुनं सोल्डर मंद, राखाडी पडलेलं असतं. एकाच टोकावर दोन रंगांचं सोल्डर दिसलं की तिथे हात फिरलाय. मग भोकांच्या कडा. मग बटण ओढून काढून पॉटच्या दांड्यावरचे दात मोजतो: अमेरिकन दांड्याला २४ बारीक, मेट्रिकला (आशियाई पॉटच्या दांड्याला) १८ जाड. हे सगळं निष्पाप निघालं, तरच तारखेला काही अर्थ आहे.

५. गिब्सन असेल तर

तिची नेक चिकटवलेली असते, त्यामुळे वरचं बरंचसं लागू नाही. हेडस्टॉकवरचं ट्रस रॉडचं (नेकच्या आतल्या सळईचं) झाकण बघा. अस्सल झाकणाला दोन स्क्रू असतात, चिनी नकलेला बहुधा तीन. झाकण काढा, आत षटकोनी पितळी नट दिसायला हवा, ॲलन की घालायचं भोक नाही. १९७७ पासूनच्या आठ अंकी नंबरात पहिला आणि पाचवा अंक मिळून वर्ष, मधले तीन अंक वर्षातला दिवस. ९०४१३५१२ म्हणजे १९९३ चा ४१ वा दिवस, १० फेब्रुवारी. दिवस ३६६ च्या वर गेला तर नंबर बनावट समजा. १९९४ मात्र अपवाद: त्या शताब्दीवर्षातल्या बऱ्याच नंबरांची सुरुवातच ९४ ने होते आणि पुढे नुसता उत्पादनक्रम.

६. ताळा घाला आणि किंमत बोला

नेक, बॉडी, वायरिंग एकाच देशाकडे आणि साधारण एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तर मागितलेल्या किमतीवर बोलणी करा. यातली एखादी गोष्ट बाकीच्यांशी जुळली नाही तर ती जोडगिटार आहे, आणि जोडगिटारची किंमत सुट्या भागांची किंमत. “पण वाजते छान” हे खरं असेल, तरी त्याचे अमेरिकन भावाने पैसे द्यायचं कारण नाही. विकणाऱ्याशी वाद घालू नका. काढलेले फोटो त्याला दाखवा आणि गप्प बसा, आकडा तोच खाली आणतो.

७. परत जोडा

व्यवहार होवो न होवो, गिटार होती तशी करून द्या. नेकचा स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात तो किंचित खाली बसल्याचं बोटाला कळतं, मग सरळ आवळा. थेट आवळलात तर लाकडात नवे आटे पडतात, आणि पुढचा कुणी हीच गिटार तपासताना तिची नेक बदललीय असं समजेल.