पोकरमध्ये किती लावायचं? आधी पॉट पहा

आपल्या नागपुरात दिवाळीच्या तीन पत्तीवर हात बसलेले पोट्टे पोकरला बसले की चाल टाकल्यासारखा दरवेळी तोच आकडा टाकतात, 50 म्हणजे 50, मग मधात 60 चिप्स असोत का 600. तीन पत्तीत चाल आधीच्या चालीवरून ठरते, नो-लिमिट होल्डेममध्ये (पोकरचा प्रकार, हातात दोन पत्ते अन् मधात सगळ्यांचे मिळून पाच) आकडा तुमचा तुम्ही ठरवता, म्हणून आधी पॉट, म्हणजे मधात जमलेल्या चिप्स, मोजा.

समजा पॉट 300 आहे, तुमच्याकडे एक्क्यांची जोडी, फ्लॉपवर (मधात उघडणारे पहिले तीन पत्ते) दोन बदाम, आणि समोरच्याकडेही दोन बदाम. उरलेल्या 47 पत्त्यांत त्याच्या कामाचे 9, म्हणजे पुढच्या पत्त्याला फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) लागायचा चान्स 19 टक्क्यांच्या आसपास. तुम्ही 50 लावले तर तो 50 देऊन 350 जिंकायला बसतो, त्याला साडेबारा टक्के पुरतात, तो हसत हसत कॉल करणार, म्हणजे तेवढेच टाकणार, आणि त्याचं बरोबरच आहे! तेच 200 लावा, आता त्याला 28 टक्क्यांच्या वर पाहिजेत, लागल्यावर पुढे तुमच्याकडून अजून बरंच काढलं नाही तर कॉल महागच पडतो. साइझ (किती लावायचं तो आकडा) म्हणजे हाच भाव, तो तुम्ही लावता.

बोर्ड (मधातले उघडे पत्ते) कोरडा असेल, एक्का-सत्ती-दुर्री तीन वेगळ्या रंगांचे, तर पॉटच्या एक तृतीयांश भागात काम होते, कारण ड्रॉ (पुढचा पत्ता लागला तरच बनणारे पत्ते) जवळपास नाहीच. नव्वी-अठ्ठी-सत्ती त्यात दोन एका रंगाचे असले की दोन तृतीयांश ते पाऊण पॉट लावा.

फ्लॉपच्या आधी ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी दोघांनी टाकायच्या चिप्स) 5-10 असेल तर 25-30 ला रेझ, म्हणजे आकडा वाढवा, आणि आधी जितके जण नुसते कॉल करून आत आले त्या प्रत्येकामागे अजून 10. घरच्या गेममध्ये तर सगळेच आत येऊन राहतात, तिथं हे विसरूच नका.

अजून एक, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: चांगल्या पत्त्यांवर मोठं अन् हलक्या पत्त्यांच्या ब्लफवर छोटं असं करू नका भाऊ, दोन डावांत टेबल ओळखते. दोन्हीला एकच साइझ ठेवा. ब्लफचा हिशोबही सोपा आहे, अर्धा पॉट लावला तर तीनातून एकदा समोरच्यानं पत्ते टाकले तरी बरोबरी, पूर्ण पॉट लावला तर दोनातून एकदा.

रिव्हरला, म्हणजे मधातल्या शेवटच्या पत्त्याला, ड्रॉ संपलेले असतात, तिथं फक्त एवढंच पहा की तुमच्याहून कमजोर पत्ते घेऊन कोण किती देईल. आणि पॉट 500 झाला, तुमच्याकडे 400 च उरले, पत्तेही भारी आहेत, तर 150-200 करत बसू नका, सरळ ऑल-इन, म्हणजे सगळेच लावा.