ओ-फास्ट लावून मोकळे होताय? या चुका टाळा

प्रोग्राम हळू चालतोय म्हटलं की नवी पोरं वेळ कुठे जातोय ते मोजत नाहीत, जीसीसी या सी कंपायलरला ओ-फास्ट (-Ofast) हा वेग वाढवण्याचा पर्याय लावून मोकळी होतात. ओ-टू, ओ-थ्री हे त्याखालचे पर्याय दशांशांच्या हिशोबाला सहसा धक्का लावत नाहीत. ओ-फास्ट मात्र गुपचूप फास्ट-मॅथ (वेगासाठी आकडेमोडीचे नियम ढिले करणं) चालू करतं. म्हणजे तुम्ही कंपायलरला लिहूनच देता, की इथे नॅन (‘हा आकडाच नाही’ अशी खूण) कधी येणार नाही.

माझी खोड मोडली ती दिंडोरीकडच्या एका द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. सेन्सरची वायर तुटली की आमचा कोड तापमानाच्या जागी नॅन द्यायचा, इझनॅन ही तपासणी ते पकडायची आणि भोंगा वाजायचा. ऑफिसात दहादा वायर उपटली, दहाही वेळा वाजला. ऐन फेब्रुवारीत उंदराने खरंच वायर कुरतडली आणि भोंगा ढिम्म! रात्री अकराला मालकांचा फोन: "अहो, स्क्रीनवर नॅन लिहिलंय. हे थंड की गरम?"

ऑफिसातलं बिल्ड ओ-झिरोचं (वेगवाढ बंद) होतं, तिथलं ओ-फास्टचं. नॅन येणारच नाही म्हटल्यावर कंपायलरने इझनॅनची तपासणीच उडवली. उरली ‘तापमान दोनच्या वर आहे का’ ही तुलना, आणि नॅन कशाहूनच मोठा नसतो.

तेव्हापासून मी ओ-टूवर राहतो आणि जे बिल्ड साइटवर जाणार त्याचीच वायर उपटतो. फास्ट-मॅथ हवंच तर त्या एका फाइलपुरतं, लिंक करताना तर नकोच. जीसीसी 13 च्या आधी तशी लिंक केलेली शेअर्ड लायब्ररी नुसती लोड झाली, तरी अख्ख्या प्रोसेसमधले अतिसूक्ष्म आकडे शून्य व्हायचे.

काहान पद्धतीने, म्हणजे राउंडिंगमध्ये सुटलेला अंश पुढच्या बेरजेत दुरुस्त करत, बेरीज करता? फास्ट-मॅथ त्यातली दुरुस्तीच ‘निरुपयोगी’ म्हणून छाटू शकतं.

मार्च-नेटिव्ह (याच मशीनच्या प्रोसेसरसाठी बिल्ड) लावलं की गुणाकार-बेरीज एकाच एफएमए सूचनेत जाऊ शकते, मधलं राउंडिंग गळतं आणि दोन मशीनवर शेवटचे अंक जुळत नाहीत. उत्तर चुकलेलं नसतं, वेगळं असतं. जुळायलाच हवं असेल तर ही जोडणी करू देणारं एफपी-कॉन्ट्रॅक्ट ऑफ करा.

जुन्या 32 बिटच्या बिल्डमध्ये एक्स-87 हा दशांश-गणिताचा जुना भाग मधल्यामधे 80 बिट वापरतो, त्यामुळे तिथेही शेवटचे अंक बदलू शकतात. त्याऐवजी एसएसई-टू आणि सोबत एफपीमॅथ-एसएसई (-msse2 -mfpmath=sse) लावा.

आणि 0.1 + 0.2 बरोबर 0.3 येत नाही म्हणून ओ-झिरोवर जाणाऱ्यांनो, तिथेही येणार नाही.