मागचा स्टॅबिलायझर निवडताना या चुका टाळा: टूरिंग हार्ली डोलते तेव्हा आधी काय तपासायचं

ऐरोलीच्या पुलावर किंवा वाशीच्या खाडीपुलावर सांध्यावरून गाडी जाते तेव्हा हँडल सरळच असतं, पण मागचं चाक क्षणभर आपल्या मनाने आडवं सरकल्यासारखं वाटतं. घोडबंदर रोडला गायमुखच्या वळणावर खड्डा लागला तर तेच होतं, फक्त जास्त भीतिदायक. हार्लीच्या रोड किंग, स्ट्रीट ग्लाइड, रोड ग्लाइड, इलेक्ट्रा ग्लाइड चालवणाऱ्यांना ही हालचाल ओळखीची आहे. त्यावरचा ठरलेला सल्ला म्हणजे ‘मागे स्टॅबिलायझर लाव’. सल्ला चुकीचा नाही. पण हा भाग एकच हालचाल थांबवतो, आणि तुमच्या गाडीत तीच हालचाल आहे का, हे न बघता तो मागवला जातो.

ती हालचाल कोणती, ते आधी पाहू. १९८० च्या एफएलटी टूर ग्लाइडपासून हार्लीच्या टूरिंग गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा वर-खाली होणारा दांडा) हा एकच जोडलेला गठ्ठा असतो आणि तो फ्रेमला रबरी माउंटिंगवर टांगलेला असतो. मोठ्या व्ही-ट्विन (दोन सिलिंडरच्या) इंजिनाचे धक्के हातापायांपर्यंत पोचू नयेत म्हणून ही रचना. इंजिनाने वर-खाली आणि पुढे-मागे हलावं, आडवं हलू नये, यासाठी इंजिनाच्या वरच्या आणि पुढच्या भागाशी बॉल जॉइंट असलेल्या कड्या, म्हणजे आडवे रॉड, दिलेल्या असतात. मागच्या टोकाला, जिथे स्विंगआर्म गिअरबॉक्सला धरलेला असतो, तिथे आडवा जोर फक्त रबराने सोसायचा. रबर दबलं की अख्खा स्विंगआर्म फ्रेमच्या तुलनेत किंचित तिरका होतो आणि मागचं चाक स्वतःच स्टिअरिंग करू लागतं. मागचा स्टॅबिलायझर म्हणजे गिअरबॉक्सच्या तळापासून फ्रेमपर्यंत जाणारी आणखी एक आडवी कडी. एवढंच त्याचं काम.

गाडीच ओळखली नाही

ज्या गाडीत स्विंगआर्म रबरावर नाही, तिथे या भागाला करायला काही कामच नसतं. फॅट बॉय ही सॉफ्टेल आहे, तिचं इंजिन थेट फ्रेमला बोल्टने धरलेलं असतं. इंटरसेप्टर, हिमालयन किंवा डॉमिनारवर टूर करणाऱ्यांनीही हा भाग शोधत बसू नये. या गाड्यांत स्विंगआर्म फ्रेमवरच फिरतो, त्यामुळे मागून डोलत असेल तर स्विंगआर्मचे बुश, चाकाची बेअरिंग आणि टायर बघायचे. २०१७ पर्यंतच्या डायना मालिकेत रबरी माउंटिंग आहे, पण तिचे स्टॅबिलायझर वेगळे. टूरिंगचा भाग तिला बसणार नाही.

नावातही गोंधळ आहे. दुकानात ‘स्टॅबिलायझर’ म्हटल्यावर कधी स्टिअरिंग डॅम्पर पुढे येतो. तो हँडलची थरथर मंदावतो. मागच्या गठ्ठ्याशी त्याचा संबंध नाही. कारमधला अँटी-रोल बार तर पूर्णच वेगळी गोष्ट. कारला कलायचं नसतं, मोटरसायकलला कलावंच लागतं.

खेळ (ढिलेपणा) कुठे आहे, हे न शोधताच भाग मागवला

सर्वात महाग पडणारी चूक हीच. आधी डोलणं कसं आहे ते नीट बघा. हँडल भरभर थरथरत असेल, विशेषतः ताशी ८० वरून ६० वर येताना ॲक्सिलरेटर सोडल्यावर, तर दोष बहुधा पुढे आहे: कोनसेट (हँडलच्या दांड्याची बेअरिंग) ढिला, पुढचा टायर वेडावाकडा झिजलेला किंवा चाकाचं बॅलन्सिंग गेलेलं. अख्खी गाडी संथपणे डावी-उजवी लाटेसारखी चालत असेल तर टायरमधली हवा, मागचं ओझं आणि शॉकअप तपासा. वळणात कललेले असताना सांधा किंवा खड्डा लागल्यावरच मागून आडवा झटका येत असेल आणि लगेच थांबत असेल, तर मात्र संशय रबरी माउंटिंगवर घ्यायचा. स्टॅबिलायझरचा उपयोग या तिसऱ्या प्रकारात.

मग गाडी थंड असताना हवा मोजा. १८०/६५ बी १६ मागचा टायर असलेल्या बऱ्याच टूरिंग मॉडेलना पुढे ३६ आणि मागे ४० पीएसआय लागते; तुमच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. पंपावर उन्हातून जाऊन भरलेली हवा मोजणं म्हणजे चुकीचं मोजणं. टायर मधून सपाट झालाय का, हे हाताने चाचपून बघा. नाशिक हायवेसारख्या सरळ रस्त्यावर हजारो किलोमीटर गेले की मागच्या टायरचा गोलवा जातो आणि कडेला धार तयार होते. असा टायर काँक्रीटच्या लांब खाचांवरून जाताना खाच सोडतच नाही. ठाणे-बेलापूर रोडवर गाडी ‘रेल्वेच्या रुळावर गेल्यासारखी’ वाटते ती बरेचदा यामुळे. यावर स्टॅबिलायझर लावला तरी काहीच फरक पडणार नाही.

यानंतर खेळ शोधायचा. फ्रेमखाली जॅक लावून मागचं चाक जमिनीपासून थोडं उचला. गाडी पट्ट्याने दोन्ही बाजूंनी बांधलेली हवी. दोन माणसं लागतात. एकाने चाक वर आणि खाली धरून आडवं हलवायचं, मग पुढे आणि मागे धरून. दुसऱ्याने बोट सांध्यावर आडवं टेकवून बघायचं. बोटाखाली चाक आणि स्विंगआर्म यांच्यात हालचाल जाणवली तर चाकाची बेअरिंग गेली. स्विंगआर्म आणि गिअरबॉक्स यांच्यात जाणवली तर पिवटचे बुश किंवा बेअरिंग. गिअरबॉक्स आणि फ्रेम यांच्यात जाणवली तर रबर.

रबरात थोडी लवचिक हालचाल असणारच, ती दोष नाही. ‘टक्’ आवाज, किंवा ढकलल्यावर गठ्ठा परत जागेवर न येणं, हा दोष. टॉर्च घेऊन रबर बघा. तेल लागून फुगलेलं, कडेला भेगा पडलेलं किंवा बसकं झालेलं रबर बदलायचं, आणि दोन्ही बाजूंचं एकदम बदलायचं. एकीकडे नवं आणि एकीकडे जुनं ठेवलं तर गठ्ठा कायम एका बाजूला झुकतो. फाटक्या रबरावर स्टॅबिलायझर लावला तर जो जोर रबराने घ्यायचा तो सगळा नव्या कडीवर येतो आणि तिचे जॉइंट लवकर झिजतात. कारखान्याच्या दोन कड्याही त्याच वेळी हाताने पिळून बघा. त्यांच्या बॉलमध्ये खेळ असेल तर आधी त्या.

ओझ्याबद्दल थोडक्यात: टूर-पॅक, म्हणजे सीटमागचा मोठा डबा, मागच्या एक्सलच्या मागे असतो, म्हणून त्यात हलकं सामान. पाण्याच्या बाटल्या, हत्यारं, कुलपं साइड बॅगेत तळाशी, दोन्हीकडे सारखी. पिलियनसह कोकणात जाताना शॉकअपचं प्रीलोड (स्प्रिंगवरचा सुरुवातीचा दाब), जुन्या मॉडेलांत त्यातली हवा, वाढवायची. कसारा घाटात डोलणारी गाडी एवढ्यानेही शांत झालेली दिसते.

निवडताना फक्त मॉडेलचं नाव पाहिलं

‘स्ट्रीट ग्लाइडला बसतो’ हे वाक्य अपुरं आहे. वर्ष महत्त्वाचं. २००९ ला टूरिंगची फ्रेम पूर्ण बदलली आणि स्विंगआर्म रुंद झाला, त्यामुळे २००८ पर्यंतचा आणि २००९ पासूनचा स्टॅबिलायझर अदलाबदल होत नाही. २०१७ ला मिलवॉकी-एट इंजिन आलं, तेव्हा पुन्हा तळाची मांडणी बघून घ्यावी लागते. सेकंडहँड गाडी असेल तर आरसीवरचं नोंदणीचं वर्ष धरू नका. आधी बनलेली गाडी वर्षभराने नोंदलेली असू शकते. चेसिस नंबरवरून मॉडेल वर्ष काढा.

मग सायलेन्सर. कंपनीचे पाइप बदलून टू-इन-वन (दोन पाइप एकात मिळणारा) लावला असेल तर तो नेमका गिअरबॉक्सखालून जातो, म्हणजे कडीच्याच जागेतून. भाग मागवण्याआधी विक्रेत्याला खालून काढलेला फोटो पाठवा. परदेशातून मागवलेला भाग परत पाठवणं भागाच्या किमतीइतकंच जड जातं. याच जागेत तळाला इंजिन ऑइलचं पॅन आणि ड्रेन प्लग असतात. पाना सरळ बसतो का बघा, नाहीतर प्रत्येक ऑइल बदलताना कडी काढावी लागेल आणि तिची सेटिंग दर वेळी बिघडेल.

ठाण्यात आणि नवी मुंबईत आणखी एक माप घ्यायलाच हवं. सोसायट्यांच्या गेटवरचे गतिरोधक उंच आणि अरुंद असतात. चालक आणि पिलियन दोघांना बसवून फ्रेमच्या तळाची जमिनीपासूनची उंची मोजा. स्टॅबिलायझरचा कुठलाही भाग फ्रेमच्या तळनळीच्या खाली लोंबत असेल तर तो निवडू नका. पहिला घासा बोल्टच्या डोक्याला बसतो आणि ते काढायचं कसं, हा पुढचा प्रश्न होतो.

जॉइंटचे दोन प्रकार मिळतात. काहींत बॉलभोवती टेफ्लॉनचं अस्तर असतं, त्याला ग्रीस लागत नाही. काहींत धातूवर धातू फिरतो, त्यांना ग्रीस आणि पुसणं लागतं. पावसाळ्यात चाकाने उडवलेला चिखल थेट इथेच बसतो आणि खाडीजवळच्या खाऱ्या हवेत साधं पॉलिश केलेलं स्टील लवकर गंजतं. म्हणून अस्तराचा जॉइंट आणि त्यावर रबरी बूट असलेला भाग आमच्या मते इथे जास्त टिकाऊ. कडीऐवजी कडक युरेथेनचे ठोकळे देणारे किटही असतात. ते आडवी हालचाल कमी करतात, पण आयडलची थरथर फ्रेममध्ये जास्त आणतात. लांब टूर करणाऱ्याने कडीच घ्यावी.

हार्डवेअरच्या दुकानातला जवळपासचा बोल्ट

हार्लीत बहुतेक बोल्ट इंची मापाचे आहेत. किटमधला एखादा हरवला की जवळच्या दुकानातून मिलिमीटरचा आणला जातो आणि इथेच गिअरबॉक्सचे अॅल्युमिनियमचे आटे जातात. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, आणि जाड आट्यात इंचाला १८ आटे, म्हणजे १.४१ मिमी पिच. ८ मिमीच्या साध्या बोल्टची पिच १.२५. तो दोन-तीन आटे आत जातो, बसतोय असं वाटतं, मग अडकतो. तिथे पाना जोरात मारला की आटे साफ. ताकदही बघा: ग्रेड ८ च्या इंची बोल्टच्या डोक्यावर सहा रेषा असतात, ग्रेड ५ वर तीन. डोक्यावर काहीच खूण नसलेला बोल्ट या जागी नको.

ब्रॅकेट बसत नाही म्हणून फ्रेमला वेल्डिंग करून देतो, असं कोणी म्हटलं तर गाडी तिथून घेऊन निघा. वेल्डिंगची उष्णता नळीची ताकद बदलते, आणि वाहनातल्या फेरफारांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेतच.

ताण देऊन बसवला

चांगला भाग वाया जातो तो बहुतेक इथे. कडीने गठ्ठा आहे त्या जागी फक्त धरायचा असतो, ओढायचा किंवा ढकलायचा नाही.

किटसोबतच्या सूचना पहिल्या, पण क्रम साधारण असा. गाडी चाकांवर सरळ उभी हवी, साइड स्टँडवर कललेली नको, कारण कलल्यावर रबर आधीच एका बाजूला दबलेलं असतं. कंपनीच्या कड्यांची सेटिंग बरोबर आहे, म्हणजे मागचं चाक पुढच्याशी उभ्या रेषेत आहे, हे आधी तपासा. ब्रॅकेटचे बोल्ट हाताने बसवा, कडीचं एक टोक जोडा आणि इंजिन काही सेकंद चालवून बंद करा, म्हणजे रबर आपल्या नैसर्गिक जागी बसतं. आता मधला भाग फिरवून लांबी अशी जुळवा की दुसऱ्या टोकाचा बोल्ट दोन बोटांनी आत सरकेल. हातोडी लागली तर लांबी चुकली.

कडीच्या एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्याला उलटे आटे असतात, म्हणून चेकनट (लांबी पक्की करणारा नट) कोणत्या दिशेने घट्ट होतो हे आधीच बघून ठेवा. दोन्ही टोकांत आटे सारखेच आत हवेत, आणि आत गेलेली लांबी निदान रॉडच्या व्यासाइतकी. ३/८ इंची रॉड असेल तर १० मिमीपेक्षा कमी चालणार नाही. चेकनट आवळताना जॉइंट पान्याने धरून ठेवा, नाहीतर दोन्ही टोकांचे डोळे (बोल्ट जाणारी भोकं) एकमेकांना तिरके होतात आणि बॉल कडेला टेकतो. बोल्टला मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद), आवळणं टॉर्क पान्याने. शेवटी कडी मुठीत धरून पिळा. ती स्वतःभोवती किंचित फिरली पाहिजे. गच्च असेल तर चेकनट सोडून पुन्हा.

बसवल्यानंतर बिघडलं तर

आयडलला हँडल आणि फूटबोर्ड आधीपेक्षा जास्त थरथरत असतील तर कडीत ताण आहे, किंवा ती सायलेन्सरला टेकतेय. पाइपवर चकाकणारी खूण दिसते का पाहा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर लांबी चुकली. सांध्यावर नवा ‘टक्’ येत असेल तर ब्रॅकेटचा बोल्ट बसला नाही. आणि आधीसारखंच डोलत असेल, तर खेळ दुसरीकडेच होता. वरची बोटाची तपासणी पुन्हा करा.

चाचणी पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादेत, ओळखीच्या सांध्यांवरून. हँडल सोडून बघायचं नाही. वाटेत थरथर सुरू झालीच तर हँडल पक्कं धरा पण थरथरीशी झुंजू नका, ॲक्सिलरेटर हळू कमी करा, ब्रेक दाबू नका.

पहिल्या ८० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० नंतर सगळे बोल्ट तपासा. आवळल्यावर प्रत्येक नटावरून ब्रॅकेटपर्यंत पेंटची एक रेघ ओढून ठेवली, तर पुढे नुसत्या नजरेने कळतं. पावसाळा संपल्यावर बूट मागे सरकवून बॉल पुसा, गंज आहे का बघा, आणि कडी पुन्हा एकदा मुठीत धरून पिळा.